तीनचा केलेला आठ

पलंगाखालची पेटी ओढता ओढता मालनबाईंनी कंबर धरली. गिरणी बंद पडल्यावर त्यांचे यजमान, चंद्रप्रकाश, घाटकोपर स्टेशनबाहेर फुटपाथवर ग्रीटिंग कार्डं विकायचे. आधी तो धंदा बसला, मग तेही गेले. उरलेला माल मुलुंडच्या या खोलीत पडून होता. ऋतिका नावाची मुलगी वांद्र्याला लहान मुलांच्या जुन्या वाढदिवस-कार्डांचं प्रदर्शन भरवणार होती, म्हणून मालनबाईंच्या मुलानं, निलेशनं, तिला इकडे पाठवलं होतं. त्याला स्वतःला यायला सवड नव्हती.

ऋतिकानं पंखा बंद करून कार्डं लादीवर मांडली. झारीनं फुलांना पाणी घालणारी मुलगी, विमान उडवणारा मुलगा, पुढे कार्टूनवाली, शेवटी उघडल्यावर वाजणारी. तीही आता मुकी झालेली.

"मावशी, सगळी पोरं सोनेरी केसांची!"

"असतील गं. गिऱ्हाईक चमकी बघायचं. केस कोण बघतंय?"

"आणि आताचे वाढदिवस?"

"आता कार्ड कुठलं? नातीच्या वाढदिवसाला हॉलच्या दारात तिचाच फोटो होता, माझ्याहून उंच. फोटोवाला तिला सारखा म्हणत होता, त्या फोटोसारखी हस. रडकुंडीला आली पोर."

ऋतिकानं एकेक कार्ड उघडून पाहिलं. म्हणाली, "ही सगळी कोरी आहेत. कुणा मुलाला खरंच दिलेलं एखादं आहे का?"

होतं. कपाटात साड्यांखाली. मालनबाई उठायला तयार नव्हत्या, तरी उठल्या.

कार्डावर टेडी आणि मोठ्ठा इंग्रजी तीनचा आकडा. घरच्या पोरांना न खपलेलंच कार्ड मिळायचं. निलेश आठ वर्षांचा झाला तेव्हा तीनचंच उरलं होतं. बापानं बॉलपेननं तीनची तोंडं मिटवून आठ केला आणि आत सुंदर अक्षरात निलेशचं नाव घातलं. चाळीतली पोरं दिवसभर त्याला 'बाळू' म्हणून चिडवत राहिली. निलेशनं कार्ड मोरीत टाकलं. कार्ड पुसून मालनबाईंनीच ठेवलं होतं. कोपऱ्यात अजून पाण्याचा डाग होता.

"हेच हवं मला," ऋतिका हळूच म्हणाली.

मालनबाईंनी निलेशला फोन लावला.

"देऊन टाक ना आई. काय करायचंय त्याचं?"

"तुझ्या बाबांनी..."

"आई, मीटिंग आहे. दे तू."

फोन बंद झाला. त्याला आठवत तरी होतं का, हे विचारायचं राहून गेलं. मालनबाईंनी कार्ड ऋतिकाच्या हातात ठेवलं. "खाली निलेशचं नाव टाकशील ना, तर ह्यांचंही टाक. आठ त्यांनी केला."

रविवारी प्रदर्शनाला न्यायचं निलेशनं कबूल केलं होतं. रविवारी त्याला काम निघालं, आणि एकटीनं स्टेशनचे जिने चढायचं त्यांच्या गुडघ्यात बळ नव्हतं. संध्याकाळी ऋतिकानं फोटो पाठवला. भिंतीवर काचेमागे कार्ड, खाली दोन्ही नावं. मालनबाईंनी तो निलेशला पाठवला. बऱ्याच वेळानं त्याचा अंगठा आला.

त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि जेवायच्या आधी जरा पडू, म्हणून आडव्या झाल्या.