आदमचं पाऊल आणि रिकामा रकाना

पेकन फोर्डच्या कोर्टासमोर सकाळपासून मुंगीला शिरायला जागा नव्हती. ट्रकवर मखमल अंथरून चुनखडीची एक फरशी ठेवली होती. तिच्यात डायनासोरच्या तीन बोटांचा ठसा होता आणि त्याला खेटून माणसाचं उजवं पाऊल. बायका डोळे पुसत होत्या. पुरुषांनी टेक्सासच्या त्या उन्हातही टोप्या काढून हातात घेतल्या होत्या.

"बघा बंधूंनो, डोळे भरून बघा!" फिरते धर्मप्रचारक ब्रदर ओडेल स्ट्रेक भोंग्यातून गरजले. "एकाच चिखलात, एकाच दिवशी! म्हणे कोट्यवधी वर्षांचं अंतर! अहो, मोजायला कोण गेलं होतं? आणि हे दुसरं बोट बघा, अंगठ्यापेक्षा लांब! आजकालच्या माणसाला असतं का असं बोट? हे आदमच्या पिढीचं पाऊल!"

"हालेलुया!" गर्दी ओरडली.

गावच्या साप्ताहिकाची बातमीदार व्हर्ना टॅकेट पुढेच उभी होती. तिने नकळत आपल्या सँडलकडे पाहिलं. तिचंही दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब होतं. पण तिला कुणी आदमच्या पिढीत बसवलं नव्हतं.

ही फरशी विज्ञानाच्या तासाला पुरावा म्हणून शिकवायची, असा ठराव शाळा मंडळाने केला होता. विज्ञान शिकवणाऱ्या हॉबर्ट सरांनी चक्क नाही म्हटलं. मंडळाने त्यांना घरी बसवलं, म्हणून सर कोर्टात गेले. साक्षी संपल्या होत्या, सोमवारी निकाल होता.

पायऱ्यांवर सरांनी व्हर्नाला गाठलं. ती त्यांचीच विद्यार्थिनी.

"व्हर्ना, आठ आठवडे झाले. पेपरात बारा इंच मला, बारा इंच त्या स्ट्रेकला."

"आमचे संपादक क्रूम साहेब रकाने पट्टीने मोजतात, सर. दोन्ही बाजू सारख्या हव्यात म्हणतात."

"उद्या कुणी म्हणालं, नदी डोंगर चढते, तर त्यालाही बारा इंच?" सरांनी विचारलं. "मी एवढंच मागितलं, फरशी कापा. चिखलात खरंच पाय पडला असेल, तर खालचे थर दबून वाकलेले दिसतील. छिन्नीने कोरलं असेल, तर सरळ थर मध्येच तुटलेले दिसतील. स्ट्रेक म्हणतो, पवित्र वस्तूला करवत लावू देणार नाही. सव्वीस वर्षं शिकवलं गं मी इथे."

व्हर्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावाला ही फरशी निम्मी तरी खरी वाटत होती, ती तिच्याच रकान्यांमुळे.

दुपारी ती वडिलांकडे जेवायला गेली. एमेट टॅकेट जन्मभर थडग्यांचे दगड घडवत आले होते, आता हात थरथरायचे. मक्याचा पाव पुढे सरकवत तिने फरशीचा फोटो दाखवला.

"बघा बाबा, आदमचं बोट माझ्यासारखं!"

म्हाताऱ्याचा घास हातातच राहिला.

"तुझ्यासारखं नाही, पोरी. तुझ्या आईसारखं."

"म्हणजे?"

"मंदीच्या त्या वाईट वर्षांत थडग्याला दगड कोण घेतो? वाटसरूंना नदीतले डायनासोरचे ठसे हवे असायचे. म्हटलं, शेजारी माणसाचं पाऊल असलं तर पटकन खपेल. तुझ्या आईला फरशीवर उभं केलं, पावलाभोवती पेन्सिल फिरवली आणि छिन्नी चालवली. पोट भरत होतो गं. कोर्टात जाईल असं कुणाला वाटलं होतं?"

"बाबा, जजसमोर सांगाल?"

"चाळीस वर्षं चर्चच्या पहिल्या बाकावर बसतोय मी. या वयात मला लबाड म्हणवून घ्यायला लावू नकोस."

व्हर्नाला रडू आवरेना. "सरांची नोकरी जाईल, बाबा! आणि तुमची छिन्नी पोरांना देवाची करणी म्हणून शिकवतील!"

एमेटनी ताट बाजूला सारलं. मग उठले आणि मागच्या दाराशी जाऊन पायरीच्या दगडाखाली पहार घातली.

"हात लाव."

दगड उलटला. खालच्या अंगाला तेव्हाचं न खपलेलं डावं पाऊल होतं, दुसरं बोट लांब. व्हर्ना जन्मभर त्याच्यावर पाय देऊन घरात येत होती.

सरांना बोलावलं. एमेटच्याच जुन्या करवतीने दगड मधोमध कापला. आतले थर वहीच्या रेघांसारखे सरळ होते आणि ठशाच्या कडेला कापल्यागत तुटले होते. सरांनी तुटलेल्या थरांवरून बोट फिरवलं.

व्हर्नाने ब्रदर स्ट्रेकना विचारलं, "आता तुमची कापता का?"

"अंतिम न्यायाच्या दिवशी प्रभूच कापेल, ताई!" म्हणत त्यांनी ट्रक सुरू केला.

संध्याकाळी क्रूम साहेबांनी पट्टी काढली. "ब्रदर स्ट्रेक यांचे बारा इंच कुठे आहेत?"

"करवतीला नाही म्हणाले. त्यांची जागा ठेवा, साहेब. अगदी मोजून ठेवा."

साहेब पट्टी खिशात घालून छापखान्यात गेले. गुरुवारच्या अंकात एका बाजूला कापलेल्या दगडाचा फोटो आणि एमेट टॅकेटचा कबुलीजबाब होता. शेजारी बारा इंच कोरा कागद आणि खाली एक ओळ: 'ब्रदर स्ट्रेक यांनी फरशी कापली की ही जागा भरू.'

रविवारी पहिल्या बाकावर एमेटच्या शेजारी व्हर्नाखेरीज कुणी बसलं नाही. सोमवारी जजने निकालाआधी आणखी एक साक्ष ऐकायचं ठरवलं, म्हाताऱ्याने हात वर करून शपथ घेतली, आणि हॉबर्ट सर वर्गात परतले. पण तो ट्रक तोवर पुढच्या गावी पोचला होता, आणि तिथेही बायका डोळे पुसत होत्या. व्हर्नाने तिथल्या साप्ताहिकाला पत्र टाकलं:

'मी आठ आठवडे खोट्याला खऱ्याइतकीच जागा दिली. तुम्ही ती चूक करू नका. हात जोडायचे तर खुशाल जोडा, पण आधी करवत मागा. थर वाकलेले निघाले, तर मी येऊन तुमच्या गावाची माफी मागेन. सरळ निघाले, तर ते पाऊल माझ्या आईचं आहे. मला परत पाठवा.'