एक्केचाळीस संदर्भ

विद्यापीठात माणूस मोजायची एक रीत आहे. त्याने किती शोधनिबंध लिहिले, आणि इतरांनी आपापल्या निबंधांत त्यांचा किती वेळा संदर्भ दिला. हे मोजून कागदावर मांडणं माझं काम. विनिपेगच्या या वैद्यकीय ग्रंथालयात मी, मार्लीन फ्रीसन, सत्तावीस वर्षं तेच करते आहे. आकडे द्यायचे आणि गप्प बसायचं. त्यातलं पहिलं मला चांगलं जमतं.

त्या जानेवारीत डॉ. हालिना कोस्त्युकचा अर्ज माझ्याकडे आला. ही मुलांच्या यकृताच्या कर्करोगावर काम करणारी. तिला नोकरीत कायम करायचं की नाही हे समिती ठरवणार होती. नाही म्हणाले, की जूनअखेर नोकरी संपणार आणि प्रयोगशाळेला कुलूप. तिचे निबंध एकूण एकोणीस, आणि त्यातल्या मुख्य निबंधाला संदर्भ अवघे एक्केचाळीस. मी तिला हाल्याच म्हणते; लगेच फोन लावला.

"हाल्या, अगं एवढेच?"

"एवढेच. अकरा वर्षं पोरांचे कान तपासत बसले, निबंध कधी पाडणार होते?"

कान अशासाठी, की त्या रोगावरचं औषध पोराला वाचवतं पण त्याचं ऐकणं घेऊन जातं. पूर्वी सगळीकडे औषधाच्या सहा फेऱ्या देत. चार फेऱ्यांनी रोग तितकाच बरा होतो, शेवटच्या दोन फक्त कान खातात, हे हालिनाने दाखवून दिलं.

"मग आता जगभर चारच देतात ना?"

"देतात."

"आणि तुझं नाव कोणी घेत नाही, ते का?"

"मला काय विचारतेस? ग्रंथपाल तू आहेस!" तिने फोन ठेवून दिला.

मला राग आला, तिचा नाही, माझाच. इतकी वर्षं मी संदर्भ मोजत आले, उघडून किती वाचले? मग दोन आठवडे मी वाचत बसले.

समितीची बैठक गुरुवारी दुपारी भरली. बाहेर उणे एकतीस, आत कॉफी आणि वर लाल चेरी लावलेली इम्पीरियल बिस्किटं. अध्यक्ष इव्हेट देरोझिए आणि सहा प्राध्यापक. मी कोपऱ्यात, विचारलं तरच बोलायच्या अटीवर. प्राध्यापकांत डॉ. ग्रॅहम टॉलिव्हर होते. त्याच रोगावरचे मोठे डॉक्टर, निबंध दोनशे चौदा, आणि त्यांतल्या एकट्याला अकराशे संदर्भ. हा आकडा ते चहा पितानाही सांगतात.

"बाई गुणी आहे," टॉलिव्हर म्हणाले. "ख्रिसमसला तिनं आणलेल्या पेरोगी मीच संपवल्या. पण एक्केचाळीस? अहो, माझ्या चुकांनासुद्धा याहून जास्त संदर्भ मिळतात."

सगळे हसले. एका शितावरून हे भाताची परीक्षा करणार, आणि शितही नीट बघणार नाहीत!

"काय गं मार्लीन, तुझं ते मोजायचं यंत्र आणखी काही म्हणतं, की संपलं?" टॉलिव्हर माझ्याकडे वळून म्हणाले.

यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मी उठले.

"यंत्र नाही म्हणत, डॉक्टर. पण मी एक विचारू? तुम्ही औषधाच्या फेऱ्या किती देता?"

"चार. सगळेच देतात."

"कधीपासून?"

"झाली सात वर्षं. त्याआधी सहा होत्या."

"मग चार का केल्या?"

"का म्हणजे? मार्गदर्शिकेत आलं म्हणून."

मार्गदर्शिका म्हणजे मुलांच्या कर्करोगाचा प्रत्येक दवाखाना ज्या पुस्तिकेबरहुकूम चालतो ती. मी ती टेबलावर सरकवली. "पान अठ्ठावन्न. या ओळीला आधार म्हणून किती निबंध दिलेत, जरा बघता का?"

इव्हेटने ती आधीच ओढून घेतली होती. चष्मा चढवून ती म्हणाली, "एकच आहे. कोस्त्युक."

"त्यानंतर चार फेऱ्यांवर निघालेले तीनशे बारा निबंध मी वाचले," मी म्हणाले. "त्यातल्या सोळा जणांनी हालिनाचा निबंध शोधून काढला; तिचे उरलेले पंचवीस संदर्भ त्याआधीचे. बाकी दोनशे शहाण्णव जणांनी नुसत्या मार्गदर्शिकेचं नाव टाकलं. तिचं काम सगळ्यांनी घेतलं, म्हणून ते कोणाचं हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही."

टॉलिव्हरांची मान कॉलरपासून वर लाल होत गेली. "त्या दोनशे शहाण्णवांत... माझा तो निबंध आहे?"

"आहे. तिसरं पान. 'नेहमीच्या चार फेऱ्या' असं लिहिलंय तुम्ही. अकराशे लोक तुमच्या निबंधावर उभे आहेत, डॉक्टर, आणि तुमचा निबंध हाल्याच्या कामावर."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. अगदी मनापासून झाला.

टॉलिव्हरांनी पुस्तिका घेऊन ती ओळ स्वतः वाचली. मग बोलले, आणि त्या आवाजात तोरा नव्हता.

"सहा फेऱ्या दिलेली माझी मुलं अजून तपासणीला येतात. एकीशी मी कागदावर लिहून बोलतो. चार फेऱ्यांवाल्यांत तसं एकही नाही." त्यांनी हात वर केला. "इव्हेट, मत घे. माझं धर."

सातच्या सात हात वर गेले.

"पत्र पुढच्या आठवड्यात जाईल," इव्हेट म्हणाली, आणि मुद्दाम खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. "त्याआधी कोणी काही बोललं, तर मला ऐकू आलेलं नाही."

मी एकसष्ट वर्षांची बाई तीन जिने धावत उतरले. हालिना प्रयोगशाळेत खोक्यांवर नावं लिहीत बसली होती.

"सोड ते! सातपैकी सात!"

"टॉलिव्हरसुद्धा?"

"त्यांचाच हात पहिला."

ती अशी किंचाळली की शेजारच्या खोलीतून दोघं आग विझवायचं नळकांडं घेऊन धावत आले. त्यांना मिठ्या मारून झाल्या, मला मारून झाली, मग एकदम ती गंभीर झाली.

"मार्लीन, कान तपासायच्या जूननंतरच्या तारखा मी कोणत्याच पोराला दिल्या नव्हत्या गं. काय सांगणार होते त्यांना?"

तिने यादी काढली आणि पहिला नंबर लावला. ब्रँडन गावातल्या एका घरचा. आईने उचलावा म्हणून ती थांबली होती, पण फोन घेतला चार फेऱ्यांवर बऱ्या झालेल्या बारा वर्षांच्या मुलीनेच.

हालिनाचा आवाज तोवर रडण्याने पार बसला होता. "बाळा, मी डॉक्टर कोस्त्युक," ती कसंबसं पुटपुटली. "सप्टेंबरात तुझे कान बघायचेत."

माझं लक्ष तिच्या ओठांकडे होतं म्हणून मला कळलं. मुलीला मात्र पहिल्याच खेपेला ऐकू गेलं.