जाळातली पाती

आमच्या मालकांच्या तोंडात तीळ भिजत न्हाय. लगीन झाल्यापासनं बघते मी. आणि असल्या माणसाकडं मिसाईलच्या भागाचं काम आलं. कंपनीनं वर सही करून घेतली, ह्यातलं एक अक्षर बाहेर फुटलं की काम बंद. आता बोला.

शिरोली एमआयडीसीत आमचं दोन मशिनचं वर्कशॉप. हे काम गेलं तर शटरला कुलूप लावून मालकांनी माझ्या भावाच्या फौंड्रीत हाताखाली उभं ऱ्हायचं. माझा भाऊ म्हणजे चारचौघांत दाजीला "जोतीराम, च्या सांग" म्हणणारं बेणं. ते बघायची माझी तयारी न्हाय.

मला तेवढं सांगितलं मालकांनी. बायकोला सांगितलेलं मोजत न्हाईत. मिसाईलच्या बुडातनं जाळ सुटतोय, त्या जाळातच चार पाती उभी करायची. पातं जरा फिरलं की जाळ वाकडा, आणि जाळ वाकडा झाला की मिसाईल वळलं. म्हटलं, बैलाला येसणीनं वळवत्यात, ह्याला बुडाखालच्या जाळानं. मग आमच्या घरात येगळं काय चालतंय?

पहिला नमुना तयार झाला तसं मालक जोतिबाला गेलं. माणसापुढं ओठ शिवून होतं हो. पण देवाला गाऱ्हाणं घालायचं तर कशाचं ते सांगाय नको? गुरवाच्या कानात कुजबुजलं. आणि गुरव अख्ख्या डोंगराला ऐकू जाईल असा गरजला, "ह्या लेकराच्या मिसाईलची पाती सरळ चालू देत रं देवा!" मागं रांगेत निम्मं कोडोली गाव उभं, सांजपातूर बातमी शिरोलीत.

त्यानंतर कंपनीची मॅडम तपासणीला आली. सौंदर्या मॅडम, बेळगावकडची. वर्कशॉपचा पत्ता विचारला तो नेमका कोपऱ्यावरच्या गुंडूच्या टपरीवर.

"मिसाईलवालं जोतीराम व्हय? डावीकडं वळा. पर आधी च्या घ्या की पावणं."

च्याबरोबर भाषण फुकट. गुंडू म्हणाला, गुरव पाती म्हणाला, म्हंजे शेपटीला माशागत पंख असणार. एक रिक्षावाला म्हणाला, येडा हाईस, इंजनाचं तोंडच फिरतंय, उसाला पाणी पाजताना पाईप फिरवतोय तसं. तिसरा म्हणाला, गोफणीचा दगड वर गेल्यावर कोण वळवतंय? नेम धरून सोडायचं, बास. भांडण गळपट्टी धरण्यापातूर गेलं.

मॅडमनी वर्कशॉपात येऊन हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. मालकांचं तोंड पांढरंफटक. मी जोतिबाचं नाव घेतलं, घोळ त्याच्याच दारात झालता तरी.

मॅडम हसल्या. "तिघांचंही खरं आहे. कुठल्या मिसाईलला शेपटीला पंख असतात, कुठल्याचं तोंडच फिरतं, आणि जाळ विझला की ते दगडासारखंच जातं. तुमचं कसं आहे तेवढं फक्त कुणाला कळलेलं नाही. ते कळलं, की मी काम थांबवणार."

त्यांना सोडायला आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो. गुंडूनं परत च्या पुढं केला.

"जोतीराम, शेपटीलाच बसवतोस न्हवं पाती?"

मालकांनी कपातल्या च्यावर फुंकर मारली.

"बोल की लेका. का मिसाईलच न्हाय? मला वाटतंय, हा फॅनची पाती करतोय आन् देवाला थापा मारतोय."

टपरी हसली. मालकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ह्यांचं हातातलं काम कुणी हलकं म्हटलं की ह्यांना धीर निघत न्हाय. ते गुंडूकडं वळलं, तोंड उघडलं. मॅडम कपावरनं बघत होत्या.

मी म्हटलं, "फॅनचीच हाईत. ह्यांना काय जमतंय मिसाईल? ह्यांनी केलेलं स्टूल घरात धड उभं ऱ्हात न्हाय."

लोक खो खो हसलं. गुंडूनं तर बाकडं बडवलं. मालक माझ्याकडं बघत ऱ्हायलं. भावापुढं ह्यांची मान खाली जाऊ नये म्हणून मीच ती चौकात खाली घातली.

मालकांनी कप खाली ठेवला.

"फॅन तीन पातीचा असतोय," ते गुंडूला म्हणालं. "टपरीत बसवायचा आसंल तर सांग."