पाचवी चपाती

"एक मूल एका वेळी किती चपात्या खातं?" न्यायमूर्तींनी आक्काबाईला हिंदीत विचारलं आणि आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला.

"मोजत न्हाई, साहेब," आक्का म्हणाली. "जेवणाऱ्याचं ताट मोजू न्हाई."

आक्का मूळची साताऱ्याकडची. फौजी नवरा जयपूरला असतानाच वारला आणि ती इथंच राहिली. गोपालपुऱ्यात क्लासच्या मुलांसाठी तिची खानावळ बावीस वर्षं चालू आहे. विम्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मीही तिथंच जेवतो. तिच्या फुगलेल्या चपातीच्या वाफेवर मी एकदा बिर्ला मंदिरापर्यंत तरंगत गेलो होतो. पुजाऱ्याला विचारा. तो नाही म्हणेल, पण विचारा.

मग मंदी आली. मुलांच्या घरचे पगार तुटले, तेव्हा सरकारनं सगळ्या खानावळींना एकच दर बांधून दिला. त्या दरात माणशी चार चपात्या बसत. पाचवी वाढली की आक्काची चूल विझणार. मोजून वाढ, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. तिनं त्यापेक्षा, हा दर रद्द करा म्हणून खानावळवाल्यांनी कोर्टात केलेल्या अर्जावर पहिला अंगठा उठवला.

निकाल आमच्या बाजूनं लागला. संकट कितीही मोठं असो, कायद्याचा आधार असल्याशिवाय खाजगी धंद्याचा दर सरकारला ठरवता येणार नाही, असं न्यायमूर्ती म्हणाले. म्हणताना त्यांनी आवंढा गिळला. भुकेनंच, मी शपथेवर सांगतो.

दुसऱ्या दिवशी नवा, वाढीव दर दारावर खडूनं मीच लिहिला. आक्का तिकडं न बघता कणीक मळत होती.

दुपारी मुलं आली. सोनलच्या वडिलांचा नाशिकचा कारखाना बंद पडलेला. एरवी ही पोरगी सात चपात्या सहज रिचवायची. दारावरचा दर तिच्या घरच्यांना झेपणारा नव्हता; जुन्या दरात बसणाऱ्या चौथीनंतर तिनं ताटावर हात आडवा धरला.

"बस, आक्का. भरलं पोट."

शेजारच्यानंही चौथीनंतरच हात आडवा धरला. मग त्याच्या शेजारच्यानं. बावीस वर्षांत पहिल्यांदा दुरडीत चपात्या उरल्या. आक्का हातात दुरडी घेऊन तशीच उभी राहिली.

मग कधी नव्हे ती ताट घेऊन सोनलजवळ बसली. एक चपाती मोडली आणि अर्धी पोरीच्या ताटात टाकली.

"चार झाल्या ना, आक्का."

"अर्धी मोजत न्हाईत," आक्का म्हणाली आणि उरलेली अर्धी स्वतः खाऊ लागली.

त्या दुपारी सगळ्यांनी अर्ध्याच खाल्ल्या. किती, ते मला विचारू नका.