मामंजींचं वजन

आमच्या कारखान्यातून मामंजींनी बसून पाहिल्याशिवाय सायकलचा एकही नवा हब बाहेर जात नाही. मामंजी म्हणजे माझे सासरे. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण बसायचं काही त्यांनी सोडलेलं नाही.

सांगते. हब म्हणजे चाकाच्या मधोमध असतो तो, ज्याच्या कडांना सगळे आरे येऊन अडकतात. तो तुटला की चाकही गेलं आणि वरचा माणूसही गेला. मामंजी होते तेव्हा नवा हब स्वतःच्या सायकलला लावून कारखान्याच्या मागच्या पायऱ्यांवरून धडाधड खाली यायचे. देह भरभक्कम. "माझ्याखाली टिकला तो कोणाच्याही खाली टिकेल," म्हणायचे. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा त्यांनी आपल्या वजनाइतकी वाळू भरून कॅनव्हासचा एक पुतळा शिवून घेतला, त्याला आपला जुना कोट चढवला आणि चाचणीच्या खोलीत सायकलवर बसवून दिला. खाली उंचवटे असलेला लोखंडी ड्रम फिरतो, वर पुतळा दिवसभर आदळत राहतो. संध्याकाळी हब शाबूत असला तर मी पासचा शिक्का मारते. कामगार त्या पुतळ्याला मोठे मालक म्हणतात. मी पडले सून, मी मामंजी म्हणते. सकाळी पट्टे आवळताना "जरा घट्ट करते हं मामंजी" असंही म्हणते. हसा खुशाल.

तर एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना आमचे भाऊजी, म्हणजे माझा धाकटा दीर, सायकलींच्या एका मोठ्या प्रदर्शनाला जाऊन आले. येताना मखमली पिशवीत कोणाचा तरी हब घेऊन आले. जेवणाच्या टेबलावर तो त्यांनी असा काही ठेवला की मला वाटलं, घरात नवीन बाळ आलंय.

"वहिनी, उचला. उचलून तर बघा!"

मी उचलला. हलका होता. कडांना भोकं, आस पोकळ, बेअरिंगं साबुदाण्याएवढी.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय मग! तिकडे लोक हब तळहातावर घेतात, असा वरखाली करतात आणि 'वा' म्हणतात. आपला हातात घेतला की 'अरे बापरे' म्हणतात. 'वा' कशाला म्हणतात ते कळलं पाहिजे आपल्याला."

"त्यांना सायकलवर बसायचं असतं की तिला तळहातावर घेऊन फिरायचं असतं?"

भाऊजींनी माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि बिस्किटाचा पुडा फोडला. ग्रॅमवर बोलायला लागले की त्यांना फार भूक लागते. एकेका ग्रॅमसाठी जग कसं तडफडतंय हे सांगता सांगता त्यांनी तो पुडा एकट्यानं संपवला. सासूबाई टेबलाच्या टोकाला बसून ऐकत होत्या. मामंजींच्या मागे कारखान्याचा शेवटचा शब्द त्यांचाच. त्यांनी मखमली पिशवीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "करा आपणही."

केला. भाऊजींनी आमचा हब असा काही पोखरला की उंदरानं शिकायला यावं. मग तो माझ्या खोलीत आला आणि मामंजी त्यावर बसले. दुपारच्या चहाच्या आत कड तडकली.

मी नापास लिहिलं. भाऊजी आले, त्यांनी तुटका हब उलटासुलटा करून पाहिला आणि मग बराच वेळ मामंजींकडे पाहत राहिले.

"वहिनी, हबमध्ये काही दोष नाही," ते म्हणाले. "पुतळा जुना झालाय. हल्लीची माणसं एवढी जाड कुठे असतात? आजचा ग्राहक फिट आहे."

हे बोलताना त्यांच्या शर्टाचं मधलं बटण जीव मुठीत धरून उभं होतं.  आता वाटतं, तेव्हाच बोलायला हवं होतं.

प्रकरण सासूबाईंकडे गेलं. त्या म्हणाल्या, "जिवंत असताना मी कानीकपाळी ओरडत होते, वजन कमी करा, वजन कमी करा. ऐकलं नाही. आता तरी होऊ दे कमी."

झालं! मामंजींचं पोट उसवलं आणि एक घमेलं वाळू काढली. हब पुन्हा तडकला. पुन्हा वाळू काढली. दर वेळी कारण नवं. एकदा म्हणे आमचे ग्राहक तरुण आहेत. एकदा म्हणे माणूस चढावर उभा राहून चालवतो, तेव्हा सगळं वजन सीटवर येतच नाही. एकदा तर भाऊजी म्हणाले, पुतळ्याला श्वास रोखता येत नाही, तेवढी सूट त्याला द्यायला हवी. मामंजींचे खांदे पडले, कोट गळ्यातून घसरायला लागला, मी मागून पिना लावल्या. शेवटी शाळेत जाणाऱ्या पोराएवढे झाले बिचारे. त्या दिवशी मात्र हब संध्याकाळपर्यंत टिकला. भाऊजींनी टाळ्या वाजवल्या, कामगारांना चहा पाजला आणि मला म्हणाले, "मारा शिक्का!"

"आज हात दुखतोय," मी म्हटलं.

आता खरी गंमत पुढे आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसलो असताना भाऊजींनी पुढच्या प्रदर्शनाचा बेत सांगितला. मंडपात मधोमध उतार बांधायचा, उताराला पायऱ्या करायच्या आणि गिऱ्हाइकांसमोर हा नवा हब लावलेली सायकल त्यावरून खाली आणायची.

"कोण आणणार?" मी विचारलं.

"दादा!" भाऊजी म्हणाले. "दुसरं कोण? अगदी बाबांचा बांधा. लोकांना वाटलं पाहिजे, मोठे मालकच परत आले!"

दादा म्हणजे आमचे हे. कारखान्याचा माल बांधून वेळेवर रवाना करणं हे ह्यांचं काम, आणि कोणी काही सांगितलं तर बरं म्हणणं हा ह्यांचा स्वभाव. बांधा खरंच मामंजींचा, वाळू काढण्याच्या आधीचा.  ज्यांच्या वजनाखाली तो हब टिकेना म्हणून तो पुतळा हाडकुळा केला, त्यांच्याच वजनाचा माझा नवरा त्यावर बसवून पायऱ्यांवरून सोडायचा? आणि टेबलावर कोणाच्या कपाळावर साधी आठीसुद्धा नाही!

"अहो, तुम्ही काही बोलणार आहात का?" मी ह्यांना म्हटलं.

"आई म्हणत असेल तर बसतो की," हे म्हणाले आणि आणखी वाढायला ताट पुढे केलं.

अस्सा संताप आला मला! माणूस मऊ असावा, पण किती? मी पळी खाली ठेवली आणि सासूबाईंना म्हटलं, "आई, मी शिक्का मारते. पण आधी ह्यांना माझ्या खोलीत, माझ्या मशीनवर बसवा. तुमच्या डोळ्यांदेखत. तिथे टिकला हब, तर प्रदर्शनात मी स्वतः आरती ओवाळीन भाऊजींची."

"वहिनी, हे काही शास्त्रीय नाही," भाऊजी म्हणाले.

"बसू दे रे," सासूबाई म्हणाल्या. "एकदाचं तिचं समाधान होऊन जाऊ दे."

आम्ही जिना उतरून खाली कारखान्यात गेलो. मामंजींना उचलून खुर्चीत ठेवलं; मला एकटीलाही उचलले गेले. वरून गादी आणून मशीनच्या बाजूला अंथरली. हे सायकलवर चढले, मी पट्टे आवळले. ह्यांनी हँडल धरलं आणि आईकडे बघून हसले.  खोटं का सांगू, बटणाला हात लावताना मनात आलं की टिकूच दे हा मेला हब. मी खोटी पडले तरी चालेल.

ड्रम फिरायला लागला. हे वरखाली हिंदकळायला लागले. गाल हलत होते. "मजा येतेय!" असं काहीसं म्हणालेसुद्धा. भाऊजींनी माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं, आणि तेवढ्यात खाडकन आवाज झाला. आरे सुटले, चाक लोळागोळा झालं, सायकल आडवी. हे गादीवर कोसळले आणि गुडघा मशीनच्या कडेला आपटला. मी मशीन बंद केलं. पट्टे सोडले.

"लागलं का रे?" सासूबाई पुढे धावल्या.

"नाही, थोडंसंच," हे म्हणाले. गुडघ्यातून रक्त येत होतं.

भाऊजी खाली बसले होते. मला वाटलं, भावाजवळ बसलेत. ते हबजवळ बसले होते.

"डिझाइन बरोबर आहे," ते म्हणाले. "दादाचं वजन जास्त होतंय. प्रदर्शनाला अजून अवकाश आहे. रात्रीचं जेवण बंद केलं, सकाळी पळायला लावलं, तर बसेल तो आपल्या मापात."

ऐकलंत? हब पास, नवरा नापास! मी तोंड उघडणार, तर त्याआधी हेच बोलले. गादीवर पडल्या पडल्या, गुडघा दाबून धरत, आईकडे बघून म्हणाले, "करतो प्रयत्न. होईन हलका."

 रडूच आलं मला, रागानं की कशानं कोण जाणे.

सासूबाई खुर्चीतल्या त्या सैल कोटाकडे बघत राहिल्या. मग गादीशेजारी जमिनीवरच बसल्या.

"तुझे बाबाही असंच म्हणायचे," त्या म्हणाल्या. "होईन, होईन. आणि झाले एकदाचे. शेवटच्या दुखण्यात मी एकटी त्यांना उचलून मोरीपर्यंत न्यायची. एकटी! ह्या एवढ्या माणसाला. बाहेर कोणाला कळू दिलं नाही मी." त्यांनी पदरानं ह्यांच्या गुडघ्यावरचं रक्त टिपलं. "मला घरात हलकं माणूस नको आहे रे."

भाऊजी हातातल्या तुकड्यांकडे बघत होते. त्यांनी हळूच विचारलं, "मग आई, हब किती जाड करू?"

"हा बसेल इतका."

"पण लोक 'वा' नाही म्हणणार."

"नको म्हणू देत."

मग सासूबाई उठल्या आणि त्यांनी ह्यांना उभं करायला हात दिला. ओढून पाहिलं. हे जागचे हलेनात. दोन्ही हात लावले, पाय रोवले, तरी नाही. मी पुढे होऊन दुसरा दंड धरला, भाऊजींनी मागून कमरेला हात घातला, तेव्हा कुठे हे उभे राहिले. सासूबाईंना धाप लागली होती, पण चेहरा असा खुलला होता की मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता.

"चल वर," त्या ह्यांना म्हणाल्या. "ताट अर्धं टाकून आलायस."