गाळलेलं सातवं नाव

लेमानांच्या मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी फुटली, त्याला सहा दिवस झाले होते. डॉक्टरांनी ती वेळेत बंद केली होती आणि ऑकलंडच्या इस्पितळात म्हातारबुवा उशीला टेकून सगळ्यांना हुकूम सोडत होते.

रोवेना सिस्टर तासातासाला तेच विचारायच्या. नाव? महिना? कुठे आहात?

"तुमच्या ताब्यात," लेमाना म्हणाले. "पळालो का बघायला येता ना?"

सिस्टर हसल्या. हात दाबायला लावले, डोळ्यांत बत्ती मारली आणि कागदावर पूर्ण गुण लिहिले.

लेमाना सामोआतल्या आपल्या गावाचे वक्ते. पाहुणा आला की गावच्या बारा घराण्यांची मानाची नावं ठरल्या क्रमानं उच्चारून त्याचं स्वागत करायचं, हे त्यांचं काम. एखादं गाळलं तर त्या घराण्याचा अपमान, मग डुकरं देऊन माफी मागायची. चाळीस वर्षांत त्यांच्यावर ती वेळ आली नव्हती.

त्या दुपारी ऑकलंडला आलेले गावचे पाद्री भेटायला आले. लेमानांनी स्वागत सुरू केलं. त्यांची मुलगी सिनालेई मान खाली घालून ऐकत होती. सहावं नाव झालं आणि बाबा सरळ आठव्यावर गेले.

सातवं म्हणजे त्यांच्या आईचंच घराणं.

"बाबा, थांबा. सातवं राहिलं."

"म्हटलं की."

"नाही म्हटलं."

"पाहुण्यांसमोर मला शिकवतेस, पोरी?"

"दमलेत गं ते," पाद्री म्हणाले. "राहू दे."

पण सिनालेई उठून सिस्टरांकडे गेली होती.

"आत्ताच तपासलं मी," सिस्टर म्हणाल्या. "सगळं ठीक आहे."

"तुमचे प्रश्न माझ्या बालवाडीतली पोरंही सोडवतील, सिस्टर. माझ्या बाबांच्या तोंडून हे नाव सुटणं म्हणजे तुम्ही स्वतःचं नाव विसरणं. डॉक्टरांना बोलवा. खोटं निघालं तर मला हसा."

डॉक्टर केर आले आणि लेमानांना लगेच मेंदूचा स्कॅन काढायला घेऊन गेले. परत आल्यावर ते सिनालेईशेजारी बसले.

"मोठ्या नळ्या चांगल्या आहेत. पण सांडलेल्या रक्तामुळे मेंदूला सूज आली आहे. अशा सुजेत केसाएवढ्या नळ्यांत रक्ताच्या बारीक गुठळ्या अडकतात. डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागी, रक्त कमी पोचतंय. ते पोचावं म्हणून आम्ही रक्तदाब वाढवतोय."

"वाचा जाईल?"

"थांबलो असतो तर गेलीही असती. आता आशा आहे."

संध्याकाळी उजवा हात लुळा पडला, शब्द अडखळू लागले. सिनालेई खुर्चीवरून हलली नाही. तिसऱ्या दिवशी हाताची पकड परत आली. जीभ मात्र अजून जड होती.

"ही नावं हिला शिकवली कुणी?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी," लेमाना सावकाश म्हणाले. "लोक म्हणायचे, मुलीला... चुलीपाशी धाडा. मी सभेच्या दाराशी... ऐकायला बसवून घेतली."

रविवारी पाद्री पुन्हा आले, सोबत पाचसहा नातेवाईक. सगळे लेमानांकडे बघू लागले. त्यांनी मुलीकडे हात केला.

"आज ही बोलेल."

"बाबा, तुमच्यासमोर?"

"मग कुणासमोर?"

सिनालेईनं पाठ ताठ केली आणि पहिलं नाव उच्चारलं. लेमानांनी डोळे मिटले होते, बोटं चादरीवर एकेक घराणं मोजत होती. बारावं झाल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि पाद्र्यांकडे असं पाहिलं, जणू सगळं भाषण स्वतःच केलं होतं.