धनसिंगच्या वाट्याची मूठ

भाईदास दिवेलागणीला घरी जातो, ही गोष्ट धनसिंगच्या डोक्यातून जात नव्हती.

दोघे एकाच संघातून खेळलेले. पुढे धनसिंग धुळ्याच्या एका गिरणीच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक झाला आणि भाईदास जळगावच्या तेल कारखान्याच्या संघाचा. धनसिंग पहाटे मैदानावर जायचा आणि अंधार पडेपर्यंत तिथेच असायचा. ओरडून ओरडून त्याचा आवाज बसला होता. अन्न पोटात टिकत नव्हतं. झोप लागली तरी झोपेत तो पोरांना शिव्या द्यायचा. बायको, सुमनबाई, कंटाळून साक्रीजवळच्या गावी दिराच्या घरी राहायला गेली, तेव्हा त्याने मनात म्हटलं, बरं झालं, आता सरावाला जास्त वेळ मिळेल.

एवढं करून पावसाळी स्पर्धा दर वर्षी भाईदास जिंकायचा, आणि वर त्याचं पोट सुटत चाललं होतं. धनसिंगला ते सुटलेलं पोटही बघवत नव्हतं.

अठ्ठ्याऐंशी साली दोघांचा अंतिम सामना ठरला, तो नेमका कानबाईनंतरच्या रविवारी. कानबाई म्हणजे श्रावणातल्या रविवारी बसणारी देवी, तिच्या सणाला खानदेशातला माणूस कुठेही असला तरी घरी जातो. घरात जेवढे पुरुष, तेवढ्यांच्या नावाने गव्हाच्या मुठी घेतात, ते गहू दळून रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात. तो रोट भाऊबंदांनीच संपवायचा, परक्याला द्यायचा नाही. धनसिंगने मात्र फर्मान काढलं, ‘कानबाईला कुणी घरी जायचं नाही. रविवारी दोन्ही वेळ सराव.’ त्याला खात्री होती की भाईदास त्याच दिवशी चोरून सराव घेणार. तो सगळ्यांना वाटतो तसा नाही, त्याची काहीतरी गुप्त युक्ती आहे. ती बघायला धनसिंगने संघ कप्तान जब्बारवर सोपवला आणि सकाळच्या एस.टी.ने जळगाव गाठलं.

मैदानावर कुणी नव्हतं. दोन शेळ्या गोलमध्ये चरत होत्या.

धनसिंग विचारत विचारत भाईदासच्या घरी गेला. ओसरीत वीसेक भाऊबंद पंगतीला बसले होते आणि मधोमध बनियनवर भाईदास. त्याची बायको त्याच्या पानात वाढताना काहीतरी बोलली आणि तो इतका हसला की ठसका लागला. आपल्याला कुणी शेवटचं कधी हसवलं, ते धनसिंगला आठवेना.

“ये, धनसिंग,” भाईदास म्हणाला. “मैदान बघून आलास ना? शेळ्या चांगल्या खेळतात की नाही?”

पंगत हसली.

“पोरं कुठे आहेत तुझी?”

“आपापल्या घरी. कानबाई आहे, बाबा. तू इथे काय करतोस?” मग जरा हळू म्हणाला, “चहा घे. रोट देता येत नाही, तुला माहीतच आहे.”

धनसिंगने चहा घेतला नाही. एस.टी.त धुळ्यापर्यंत तो एकच हिशेब मांडत होता. गुपित असतं तर ते चोरता आलं असतं. गुपितच नव्हतं.

धुळ्याच्या मैदानावर एकटा जब्बार चेंडूत हवा भरत बसला होता.

“पोरं?”

“मी सोडली, सर. सकाळीच.”

“कुणाला विचारून?”

“कुणाला नाही. पायात जीव नव्हता त्यांच्या. उद्या मला काढा हवं तर,” जब्बार म्हणाला. “पण साक्रीची गाडी आत्ता मिळेल. तुमच्या वाट्याचं दुसऱ्या कुणाच्या पोटात जायला नको, असं तुमच्यात म्हणतात ना?”

धनसिंगने घड्याळात पाहिलं. तो स्टँडकडे चालू लागला.

गावात पोचला तेव्हा घरची पंगत बसत होती. धाकटा भाऊ वना त्याला बघून उठला. “ये भाऊ, बस. उशीर व्हयना, पण बठ्ठा आठेच शेतस,” म्हणत त्याने सगळ्या पंगतीकडे हात केला.

धनसिंग बसला. सुमनबाईने त्याच्यापुढे रिकामं ताट ठेवलं.

“तुमची मूठ घेतली नाही यंदा,” ती म्हणाली. “मीच नको म्हटलं. चार वर्षं तुमचा रोट उरायचा आणि वनाभाऊंना संपवावा लागायचा.”

वनाने आपला रोट मोडला आणि अर्धा धनसिंगच्या ताटात ठेवला. “चार साल मी तुना खादा. आते तू मना खा.”

धनसिंगने घास घेतला. पोट आज काही बोललं नाही. त्याचं लक्ष वनाकडे होतं. वनाने न बघता हात मागे केला आणि सुमनबाईने तांब्या दिला. मागावाही लागला नाही. भाईदासचा हेवा धनसिंगने इतकी वर्षं केला, पण असं आत कधी जळलं नव्हतं. आणि वनाने त्याचं काहीच घेतलं नव्हतं. तो फक्त रोज घरी होता.

सुमनबाई वनाला म्हणाली, “सकाळी पहिल्या गाडीला उठवा ह्यांना. सराव असेल.”

“वहिनी, तो आठेच बसेल शे. त्यालेच इचार.”

तिने विचारलं नाही. ती खीर वाढत पुढे गेली.

“उठवू नको, वना,” धनसिंग म्हणाला. आवाज बसलेला, त्यामुळे त्याला ते दोनदा सांगावं लागलं. “उद्या कानबाई बोळवल्यावर बघू.”

सुमनबाई पंगतीच्या टोकाला थांबली, पण वळली नाही.